सोलापूरच्या उन्हात रॉटवायलर: पिल्लू आणण्याआधीपासून त्याच्या म्हातारपणापर्यंत

जुळे सोलापुरातला बंगला असो, होटगी रस्त्यावरचं फार्महाऊस असो की मोहोळ-मंगळवेढ्याकडची शेतातली वस्ती, राखणीला दांडगा कुत्रा हवा म्हटलं की हल्ली रॉटवायलरचं नाव हमखास निघतं. पिल्लू येतं, दोन महिने सगळ्यांच्या मांडीवर खेळतं, आणि चौथ्या महिन्यात फाटकाजवळ खुंटा ठोकून त्याला साखळी घातली जाते. बांधल्याशिवाय कुत्रा कडक होत नाही, असा समज आहे. ही जात बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. साखळीला बांधलेल्या रॉटवायलरला पाहुणा आणि चोर यांतला फरक कधी शिकायलाच मिळत नाही. त्याला दिसतात फक्त लांबून जाणारी माणसं, ज्यांच्यापर्यंत त्याला पोचता येत नाही. वर्षभर हा राग साठतो, आणि ज्या दिवशी कडी सुटते त्या दिवशी समोर दूधवाला असतो किंवा शेजारचं पोर.

ही जात मुळात कशासाठी होती हे कळलं की पुढचं बरंच सोपं होतं. जर्मनीच्या दक्षिणेकडे रॉटवाइल नावाचं जुनं बाजारगाव आहे. तिथले खाटीक आणि गुरांचे व्यापारी या कुत्र्यांकडून गुरं हाकून घ्यायचे आणि मालाच्या छोट्या गाड्या ओढून घ्यायचे. रेल्वे आली, गुरं हाकण्याचं काम संपलं आणि जात मागे पडली. १९१०च्या सुमारास पोलिसांच्या कामासाठी तिची निवड झाली, तेव्हा ती पुन्हा वर आली. म्हणजे हा कुत्रा माणसाच्या पायाशी राहून दिवसभर काम करणारा. म्हणूनच तो घरभर मागे मागे फिरतो, अंग टेकून उभा राहतो, उगाच भुंकत नाही. गुराला खांद्याने रेटायची सवय रक्तात असल्याने खेळताना लहान मुलांना तो ढकलतो. त्यात राग नसतो, पण ४५ किलोचा धक्का चार वर्षांच्या मुलाला भुईवर पाडायला पुरेसा असतो.

पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी ६१ ते ६९ सेंटिमीटर उंच आणि साधारण ५० किलोचा असतो. मादी ५६ ते ६३ सेंटिमीटर, वजन ४० किलोच्या आसपास. आयुष्य ८ ते १० वर्षं. पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याने मादी घ्यावी. राखणीत ती तसूभर कमी नसते आणि हाताळायला सोपी जाते.

आधी कागद, मग पिल्लू

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना एक परिपत्रक पाठवलं. त्यात धोकादायक ठरवलेल्या २३ जातींची यादी होती आणि रॉटवायलर त्यात होता. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. पण हा विषय पुन्हा पुन्हा वर येतो. त्यामुळे पैसे देण्याआधी आपल्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन आज काय नियम लागू आहे ते विचारा. परवाना लागत असेल तर रेबीजच्या लशीचा दाखला सोबत न्यावा लागतो. आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत हलगर्जी करून कोणाला इजा होऊ दिली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आणि जनावराला आखूड साखळीवर तासन्‌तास बांधून ठेवणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला कायद्याने मनाई आहे, आणि त्यामागे कारण आहे. आईकडून आणि भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू याच काळात शिकतं. ३५-४० दिवसांचं पिल्लू आणून देणाऱ्याकडे फिरकूच नका. आई बघा, जमलं तर बापही बघा. आई अनोळखी माणसाला पाहून कोपऱ्यात दबत असेल किंवा जाळीवर झेप घेत असेल, तर पिल्लू कितीही गुबगुबीत असलं तरी परत या. आईबापाच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे आहेत का, हे विचारा. या जातीत हे दोन्ही सांधे नीट न घडण्याचा दोष वारशाने येतो.

जागा: पत्रा नको, शहाबादी हवी

घरात राहू द्यायचा असेल तर सगळ्यात उत्तम. बाहेर खोली करायचीच झाली तर किमान १० बाय १२ फूट, सावलीत, आणि घरातल्यांचा वावर दिसेल अशा बाजूला. कडुनिंबाखाली मिळाली तर सोनंच. छपराला नुसता पत्रा टाकू नका. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता त्याखाली हात धरून बघा, भट्टीसारखी धग लागते. पत्रा असलाच तर त्यावर फूट-दीड फूट अंतर सोडून हिरवं शेडनेट ताणा. मधल्या मोकळ्या जागेतून वारं खेळतं, म्हणून हे अंतर महत्त्वाचं. गच्चीवर ठेवण्याचा विचार सोडून द्या. इथला स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो.

फरशीसाठी शहाबादी दगडाला तोड नाही. आपल्याकडे ती सहज मिळते, पाणी मारून पुसली की गार होते, आणि थोडी खरबरीत असल्यामुळे पाय घसरत नाही. गुळगुळीत टाइल्स किंवा पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर वाढणाऱ्या पिल्लाचे मागचे पाय बेडकासारखे फाकत राहतात, आणि आधीच सैल असलेला खुबा आणखी खराब होतो. घरात टाइल्स असतील तर पिल्लाच्या वाटेवर जाड सतरंजी किंवा रबराची मॅट टाका. झोपायला सोलापुरी चादर दुमडून घातली तरी चालते. सुती असल्याने ती तापत नाही आणि धुवायला सोपी.

कुंपण ६ फुटी हवं. फाटकाला दोन कड्या हव्यात, त्यातली एक बाहेरून हात घालून उघडता येणार नाही अशी. शक्य असेल तर फाटकाच्या आत चार फुटांवर दुसरं छोटं दार करा. माणूस आत येताना कुत्रा निसटण्याचे प्रसंग त्यामुळे जवळजवळ थांबतात.

उन्हाळा

सोलापुरात मार्चपासून पारा चढतो, एप्रिल-मेमध्ये ४० ते ४३ अंश ही रोजची गोष्ट. रॉटवायलर काळा, रुंद छातीचा, स्नायूंनी भरलेला, केसांच्या दोन थरांचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर गार करतो. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम झाली की धापांचा उपयोग कमी होत जातो. या कुत्र्याला इथे जिवाचा सर्वांत मोठा धोका उन्हाचा आहे.

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत फिरणं पहाटे पाच ते साडेसहा आणि रात्री आठनंतर. निघण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा. चटका बसून हात उचलावा लागला तर कुत्र्याच्या पंजालाही तो बसणार. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्याला घरात, पंख्याखाली ठेवा. कूलर इथे छान चालतो, कारण आपली उन्हाळी हवा कोरडी असते. जूनमध्ये पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की तोच कूलर फारसा काम करत नाही, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा.

पाणी दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे ४५ किलोच्या कुत्र्याला सव्वादोन ते पावणेतीन लिटर. उन्हाळ्यात ते चार लिटरच्या पुढे जातं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून पिंपात साठवणं आपल्याला सुटत नाही. पण कुत्र्याचं भांडं रोज दोनदा रिकामं करून, घासून, भरायचं. एक भांडं लवंडलं तर दुसरं असावं, म्हणून दोन ठिकाणी ठेवा. मातीचं जड घमेलं सावलीत ठेवलं तर पाणी गार राहतं आणि ते सहज कलंडतही नाही.

उन्हाळा आला म्हणून मशीन मारून केस काढू नका. आतला थर ऊन थेट कातडीपर्यंत पोचू देत नाही. त्याऐवजी रबरी खराऱ्याने आठवड्यातून दोनदा मेलेले केस काढा. हवा आत खेळली की तेवढं पुरतं. आंघोळ महिन्यातून एकदा.

उष्माघाताची लक्षणं अशी: धापा थांबत नाहीत, जीभ लांब लोंबते आणि गडद लाल होते, लाळ घट्ट तारेसारखी होते, चालताना झोल जातो, मग उलटी किंवा जुलाब. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. साधा डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात घालून बघा. १०५च्या वर गेलं की वेळ घालवू नका. सावलीत घ्या, साध्या पाण्याने पोट, काखा, जांघा आणि पंजे सतत भिजवत राहा आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो क्षणात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. बर्फात बुडवणंही टाळा. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी पिऊ द्या, घशात ओतू नका. पारा १०३वर आला की भिजवणं थांबवा, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली घसरतं. मग थेट दवाखाना. कुत्रा उठून बसला तरी न्यायचाच. मूत्रपिंडावरचा आणि रक्त गोठण्यावरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो.

खाणं: कॅल्शियमची बाटली कपाटात ठेवा

मोठं हाड म्हणजे जास्त कॅल्शियम, असं गणित मांडून पिल्लाला रोज चमचाभर कॅल्शियमचं सिरप पाजणारी माणसं घरोघर सापडतील. हे थांबवायला हवं. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा आलेलं कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही. ते हाडांत जाऊन बसतं, कुर्चेचं हाड होण्याची प्रक्रिया बिघडते, पाय वाकडे होतात, सांधे दुखतात. ‘लार्ज ब्रीड पपी’ असं लिहिलेलं ड्रायफूड घेतलं की त्यात कॅल्शियम मापात असतं. वर काही घालायचं नाही. वाढ हळू होऊ द्या. सहा महिन्यांचं पिल्लू सडसडीत दिसलं म्हणून शेजारी नावं ठेवतील, ठेवू द्या.

वजन बरोबर आहे का हे बघायला काटा लागत नाही. आपल्या हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताचं बोट मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा: कुत्र्याच्या फासळ्या अशा लागल्या तर तो फार बारीक. तळहाताच्या बाजूने बोटांच्या मुळाशी दाबा: अशा खोल गेल्या तर लठ्ठ. हात सरळ पसरून पंजाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा: फासळ्या अशा लागल्या म्हणजे बेताचं. दर पंधरा दिवसांनी ही तपासणी करून खाण्याचं माप वर-खाली करा.

४५ किलोच्या प्रौढ कुत्र्याला, रोज तासभर फिरणाऱ्या, दिवसाला साधारण १९०० ते २००० कॅलरी लागतात. चांगल्या ड्रायफूडच्या मापात हे ५०० ते ५५० ग्रॅम होतं, म्हणजे महिन्याला १५-१६ किलो. पिल्लू घेण्याआधी हा हिशोब घरच्यांसमोर मांडा. ज्वारीची भाकरी द्यायला हरकत नाही, पण दूध-भाकरीवर हा कुत्रा पोसला जात नाही, प्रथिनं फार कमी पडतात. ८० ग्रॅम पिठाची एक भाकरी दिली की त्या दिवशी ८० ग्रॅम ड्रायफूड कमी करा. वर एखादं उकडलेलं अंडं चालेल. संपूर्ण आहार घरीच शिजवायचा असेल तर पशुवैद्याकडून प्रमाण लिहून घ्या.

ताटातलं काय देऊ नये: कांदा-लसूण असलेलं काहीही, म्हणजे आपली शेंगाचटणी, आमटी आणि रश्श्यातलं मटणसुद्धा. शिजवलेलं हाड कधीच नको, ते फुटून आतड्यात रुततं. आणि आपल्या जिल्ह्यासाठी खास: द्राक्षं आणि बेदाणे. थोड्या द्राक्षांनीही कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, बेदाण्यात तर तेच आटलेलं असतं. बागेत गळून पडलेले घड आणि शेडवर वाळत घातलेला माल, दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेर हवेत. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत फवारणी झाली की त्या भागात त्याला सोडू नका. उंदराच्या औषधाबाबतही तेवढीच काळजी घ्या.

खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो. म्हणून जेवण दोन वेळा विभागून द्या, घाईने गिळणाऱ्याला खाचांचं भांडं द्या. जेवणाआधी एक तास आणि नंतर दोन तास पळापळ नको. पोट ढोलासारखं टणक झालं आहे, कुत्रा ओकायला जोर लावतो पण फेसाशिवाय काही निघत नाही, एका जागी बसत नाही: असं दिसलं तर ओवा, सोडा, इनो काही देत बसू नका. हा पीळ शस्त्रक्रियेनेच सुटतो, आणि हातात काही तासच असतात.

लस, जंत, गोचीड

पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे जीवघेण्या रोगांवरची एकत्रित लस ६ ते ८ आठवड्यांत सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रॉटवायलर पार्व्होला इतर जातींपेक्षा जास्त बळी पडतो, म्हणून शेवटचा डोस चुकवू नका. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखांना. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, नंतर तीन महिन्यांतून एकदा, दर वेळी वजन करून.

गोचीड हा इथला बारमाही शत्रू. रोज संध्याकाळी पाच मिनिटं: कानाची पाळी उलटी करा, बोटांच्या बेचक्या फाका, गळपट्ट्याखाली आणि काखेत हात फिरवा. रक्त पिऊन फुगलेली मादी एरंडाच्या बीसारखी दिसते, राखाडी, तुळतुळीत. कातडीलगत चिमट्याने धरून सरळ ओढा, पिळू नका, बोटाने चिरडू नका. अशी एक मादी गळून पडली की भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. म्हणूनच कुत्र्याला कितीही औषध लावलं तरी दगडी ओटा, दाराची चौकट, खोलीचे कोपरे यांकडे लक्ष दिलं नाही तर महिन्याभरात सगळं परत येतं. भेगा सिमेंटने बुजवा. कुत्र्यासाठी महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या. ताप, खाणं सुटणं, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी करा. गोचीडतापात प्लेटलेट्स झपाट्याने उतरतात. औषधाचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो आणि आठव्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागला म्हणून तो सोडायचा नसतो.

शेतावरच्या कुत्र्याला साप चावण्याची शक्यता धरूनच चाला. नाग, घोणस, फुरसं आपल्याकडे आहेत, आणि कुत्रा नाक घेऊन पुढे जातो, म्हणून चावा बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर असतो. घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका, चालवू नका. उचलून गाडीत घाला. सर्पविषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) जनावरांसाठी कुठल्या दवाखान्यात ठेवतात, हे आजच फोन करून विचारून ठेवा.

राखण शिकवायची कशी

तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लाला जे जे शांतपणे भेटतं, ते पुढे त्याला ओळखीचं वाटतं. लसीकरण पूर्ण व्हायचं असतं तेव्हा कडेवर घेऊन किंवा गाडीत बसवून न्या. गॅस सिलिंडरवाला, हेल्मेट घातलेला कुरिअरवाला, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, काठी टेकणारे आजोबा, ट्रॅक्टर, बैल, लेझीम. प्रत्येकाच्या वेळी एक छोटा घास. संक्रांतीत गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम लांबवर ऐकू जातं. त्याच्या दोन महिने आधीपासून फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून जेवण द्या आणि आवाज आठवड्याला थोडा वाढवा.

पाहुण्यांसाठी घरात एकच पद्धत ठेवा, सगळ्यांनी पाळायची:

१. बेल वाजली की कुत्रा चटईवर. ‘जागेवर’ हा शब्द आधी रिकाम्या घरात शिकवलेला हवा.
२. पट्टा लावा, मग दार उघडा.
३. पाहुणा आत येऊन बसतो. कुत्र्याकडे बघत नाही, हात पुढे करत नाही.
४. दहा मिनिटांनी, अंग सैल पडलं असेल तरच, पट्ट्यासकट वास घेऊ द्या आणि परत चटईवर बोलवा.

अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर एकाच जागी खिळलेली, डोळ्याची पांढरी कड दिसते, अशा वेळी त्याला दुसऱ्या खोलीत न्या. गुरगुरला म्हणून फटका मारू नका. गुरगुरणं हा इशारा आहे. मारून तो इशारा बंद केला की पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. मुसकीची सवय लहानपणीच खाऊ घालून लावा, दवाखान्यात उपयोगी पडते. दहा वर्षांखालच्या मुलांजवळ मोठ्या माणसाशिवाय एक मिनिटही नको, कुत्रा कितीही लाडका असला तरी.

हाताला पोतं गुंडाळून कोणाला तरी अंगावर घालायचं, काठीने डिवचायचं, मिरची खाऊ घालायची, हे सगळे प्रकार राखणीच्या नावाखाली चालतात. यातून माणसांवर विश्वास नसलेला कुत्रा तयार होतो. खरी राखण अशी शिकवा: महिनाभर रोज पहाटे आणि संध्याकाळी पट्ट्याला धरून कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारा, म्हणजे आपली हद्द कुठली हे त्याला कळतं. अनोळखी आवाजाला तो भुंकला की दोन-तीन भुंकण्यांनंतर ‘बास’ म्हणून जवळ बोलवा आणि घास द्या. भुंकून सांगायचं आणि मालकाकडे यायचं, ही सवय पक्की होते. दीड-दोन वर्षांचा झाल्यावर त्याचा आवाज घट्ट होतो, आणि फाटकात उभं राहिलेलं ते रुंद डोकं बहुतेक कामं करून टाकतं. जमिनीवर पडलेलं न खाता फक्त आपल्या भांड्यातलं खायला शिकवा. चोर विषाचा घास टाकतात.

वयात आल्यावर, म्हणजे वर्ष ते दोन वर्षांच्या दरम्यान, तो घरातल्यांची परीक्षा घेतो. बोलावल्यावर येत नाही, दारात आडवा उभा राहतो. ओरडण्याने हे वाढतं. जेवण, दार, फिरणं, प्रत्येक गोष्टीआधी ‘बस’ सांगून पाच सेकंद थांबायला लावा. नसबंदी करायची असेल तर हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, निदान वर्ष-दीड वर्ष, थांबणं या जातीसाठी बरं. त्याच वेळी पोटाला पीळ पडू नये म्हणून जठर टाचून घेण्याची शस्त्रक्रियाही करता येते, डॉक्टरांशी बोलून ठेवा.

सातव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी तपासणी करा. अंथरूण जाड करा, पायऱ्या टाळा, वजन दोन किलो कमीच ठेवा. आणि मोठ्या वयात तो अचानक एका पायाने लंगडू लागला, पुढच्या पायाला मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ टणक सूज लागली, तर मुरगळलं समजून तेल चोळत बसू नका. हाडांचा कर्करोग या जातीत इतरांपेक्षा जास्त आढळतो आणि चोळल्याने कमकुवत झालेलं हाड मोडू शकतं. त्याच आठवड्यात एक्स-रे काढा.